मोकळी ठेवलेली गल्ली

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा या वहीत चुका असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. माफी कुणाकडे मागते आहे तेही मला नीट ठाऊक नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की मनात जुळवलेले वाक्य अर्ध्यावरच राहते. लिहिताना तसे होत नाही, हे मला फार उशिरा कळले. म्हणून जे घडले ते घडले तसे लिहून ठेवते.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला एका जुन्या वसाहतीत राहतो. राहतो असे सवयीने लिहिले. आता मी एकटीच राहते, मूलबाळ नाही. पोळीभाजी केंद्रात सकाळी पोळ्या लाटायला जाते, दुपारी घरी येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोलले नाही तरी चालते, असे पुष्कळ दिवस असतात. आमच्या वसाहतीच्या मागे जुने गाव आहे. इमारती उठण्याआधी इथे त्या लोकांची भातशेती होती म्हणतात. त्यांची गावदेवी आता आमचीही झाली आहे. गुढीपाडव्याला सकाळी आमच्या भागात यात्रा निघते. सगळ्यांत पुढे देवीची पालखी, मागे ढोलताशे, लेझीम खेळणाऱ्या मुली, फेटे बांधून स्कूटरवर बसलेल्या बायका आणि शेवटी चित्ररथ. यात्रेची आखणी वसाहतीतली शिकलेली माणसे करतात, पण पालखीला खांदा द्यायचा मान गावातल्या जुन्या घरांचाच. तो त्यांनी कुणाला दिलेला नाही आणि कुणी मागितलेलाही नाही.

एका वर्षी आम्हा बायकांचा चित्ररथ करायचे ठरले. घरोघरची वर्गणी जमली. पैसे कुणाकडे ठेवायचे असा विषय निघाला तेव्हा निमकर वहिनी म्हणाल्या, "हिच्याकडे ठेवा. ही नवऱ्याशीसुद्धा बोलत नाही, पैशांबद्दल कुणाला सांगणार?" सगळ्या हसल्या, मीही हसले. निमकर वहिनी आमच्या बायकांच्या मंडळाच्या प्रमुख. बोलणे फटकळ, पण मला त्यांनी कधी दुखावले नव्हते. अठरा हजार चारशे रुपये मी रुमालात बांधून कपाटात साड्यांच्या खाली ठेवले.

पाडव्याला दहा दिवस राहिले असताना ह्यांना श्वास लागला. पहाटे रिक्षात घालून दवाखान्यात नेले. तिथे आधी पैसे भरा म्हणाले. घरात दोन हजार होते. मी रिक्षाने परत आले, कपाट उघडले आणि तो रुमाल सोडला. त्या वेळी माझ्या मनात काही आले नाही, हे खरे सांगते. देवीचे पैसे आहेत, बायकांचे पैसे आहेत, काहीच आले नाही. फक्त हात चालत होते. चौथ्या दिवशी हे गेले.

हे गेल्यावर तिसऱ्या दिवशी निमकर वहिनी समाचाराला आल्या. त्यांनी पैशांचे नावही काढले नाही. बायका उठून गेल्यावर मीच त्यांना आतल्या खोलीत बोलावले आणि सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं. मी बघते." एवढेच. त्यांनी स्वतःजवळचे पैसे घातले, चित्ररथ निघाला, कुणाला काही कळले नाही. पुढे एकदा म्हणाल्या, "जमेल तसे दे. नाही जमलं तर राहू दे." त्या रागावल्या असत्या, चार बायकांत बोलल्या असत्या, तर मला बरे वाटले असते. मग मी रडले असते आणि मोकळी झाले असते. त्यांनी मला रडायला जागाच ठेवली नाही.

मी चार महिन्यांनी केंद्रात कामाला लागले आणि दर महिन्याला पाचशे रुपये वहिनींना द्यायला लागले. पण मनात वेगळेच चालू झाले होते. मला वाटायला लागले की देवीच्या नावाचा पैसा मी घेतला म्हणून हे वाचले नाहीत. मग वाटायचे, नाही, देवी अशी नसेल. आणि लगेच वाटायचे, तू कोण तिची बाजू घेणारी? देवळात जाणे मी सोडले नाही. पण मागच्या दाराने जायची, अंगण झाडायची, वाती वळून ठेवायची आणि तशीच परत यायची. गाभाऱ्यासमोर गेले नाही. पै न् पै फिटल्याशिवाय तिला तोंड दाखवायचे नाही असे मी ठरवून टाकले. पुजारीबुवांनी एकदा विचारले, "काकू, तुम्ही पुढे येत नाही कधी?" मी म्हटले, गुडघे दुखतात. देवळात खोटे बोलले, तेही मनाला लागून राहिले. पुढच्या वर्षीच्या पाडव्याला मी दार लावून घरात बसले होते. ढोल आमच्या इमारतीवरून गेले तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या आणि मी उशी कानावर धरली.

त्याच्या पुढच्या वर्षी यात्रेच्या बैठका देवळाच्या सभामंडपात झाल्या. मी चहा द्यायला असे. दातार सर सगळी आखणी करत. आयुष्यभर नकाशे काढायची नोकरी केलेला माणूस. त्यांनी पुठ्ठ्यावर सगळे रस्ते काढून आणले होते आणि प्रत्येक चौकात पालखी किती वाजता पोहोचायची ते तांबड्या पेनाने लिहिले होते. मी चहाचा ट्रे धरून उभी राहायची आणि ऐकायची. देवीचा रस्ता इतका बारकाईने आखावा लागतो हे मला माहीत नव्हते. कुठे विजेच्या तारा खाली आल्या आहेत, तिथे छत्री मिटायची. कुठे गतिरोधक आहे, तिथे आधी ओरडून भोयांना सांगायचे, कारण खांद्यावर दांडी असली की पायाखालचे दिसत नाही. पुढे एक प्रसूतिगृह आहे, त्याच्या शंभर पावले आधी ढोल थांबवायचे. पोलिसांची परवानगी, वाहतुकीवाल्यांचे पत्र, सगळे सरांच्या फाईलमध्ये होते. त्यात एक अट होती, की यात्रा चालू असताना एक गल्ली पूर्ण मोकळी ठेवायची. कुणी आजारी पडले, रुग्णवाहिका आली, तर तिला वाट पाहिजे. त्या गल्लीच्या तोंडाला दोरी बांधून एका माणसाने यात्रा संपेपर्यंत उभे राहायचे.

तिथे उभे राहायला कुणी तयार होईना. गल्लीचे तोंड मुख्य रस्त्याच्या वळणाआड आहे, तिथून पालखी दिसत नाही. एक तरुण मुलगा म्हणाला, "सर, मला चौक द्या ना, मी रील काढणारे."

"रीलच काढायचंय तर चौक कशाला अडवतोस," सर म्हणाले, "आरशासमोर उभा राहा."

"पण तिथे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही, सर. पाडव्याला घरी बसल्यासारखंच ते."

तेव्हा मी म्हटले, "मी उभी राहीन."

सर चष्म्यावरून इकडेतिकडे बघायला लागले. "कोण बोललं?" त्यांनी विचारले. माझा आवाज त्यांनी आधी ऐकलाच नव्हता. सगळे हसले, पण ते हसणे वाईट नव्हते. बैठक संपल्यावर कप गोळा करताना निमकर वहिनी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिथून काहीच दिसत नाही हं."

"माहीत आहे," मी म्हटले.

त्यांनी माझ्या हातातले कप घेतले. त्यांना कळले असावे.

पाडव्याच्या दिवशी सकाळी साडेसहाला मी गल्लीच्या तोंडाशी गेले. सरांनी मला सुती दोरी, शिट्टी आणि गळ्यात घालायचा बिल्ला दिला होता. गाठ कशी मारायची तेही दाखवले होते, एक टोक ओढले की सुटली पाहिजे. एका बाजूला बंद दुकानाचे शटर, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. मी तशीच गाठ मारून दोरी बांधली. थोड्या वेळाने गल्लीतून एक स्कूटरवाला आला.

"मावशी, दोनच मिनिटं. चक्का आणायचाय, श्रीखंड राहिलंय घरी."

"नाही सोडता येणार."

"अहो, गल्ली तर मोकळीच आहे."

"म्हणूनच उभी आहे इथे."

तो हसला, टोक ओढून गाठ सोडली आणि निघून गेला. माझ्या हातून एवढेसुद्धा होत नाही असे वाटून मला रडू आले. मग मी दोरी पुन्हा ताणली आणि खांबाला एकावर एक तीन गाठी मारल्या, गावाकडे गवताचा भारा बांधतो तशा, गुडघा लावून आवळून. पुढे काय होईल याचा विचार केला नाही. नंतर तळमजल्यावरच्या एक आजी रांगोळी काढायला बाहेर आल्या. त्या खांबावर कुणीतरी पान खाऊन थुंकले होते. सणाच्या दिवशी हे काय, म्हणून त्यांनी पाइप लावून खांब धुऊन काढला. दोरीच्या गाठी चिंब भिजल्या. तेही माझ्या ध्यानात आले नाही.

मी मुख्य रस्त्याकडे पाठ करून उभी राहिले. वळण आड होते तरी पाठ केली. समोर सगळी रिकामी गल्ली. दोन्ही बाजूच्या खिडक्यांत गुढ्या उभ्या होत्या, माणसे मात्र खाली नव्हती, सगळी रस्त्यावर गेलेली. उन्हे चढत होती. दूर देवळाकडे ढोल सुरू झाले, मग जवळ आले. लोकांचा तो एकत्र आवाज येत होता, ज्यात एकही शब्द ओळखू येत नाही. मला ह्यांची आठवण आली. दर पाडव्याला पालखी वसाहतीच्या फाटकाशी यायची तेव्हा हे चपला काढून उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "तू पुढे हो, मी तुझ्या मागून नमस्कार करतो." तेही माझ्यासारखेच लाजाळू होते. दोघांत एकाने पुढे व्हायचे असते, एवढेच आमचे ठरलेले होते. आता मागे कुणी नव्हते, म्हणून पुढेही कुणी नव्हते.

आणि ढोल एकदम थांबले.

काय झाले होते ते मला नंतर समजले. पुढच्या वळणावर दुकानदारांनी स्वागताची कमान उभारली होती. तिचा एक बांबू सरकला आणि कमान विजेच्या तारेवर कलली. पोलिसांनी पालखी जागीच थांबवली. तार बंद करून कमान उतरवायला तास तरी लागला असता. सरांनी हिशोब केला, वीस पावले मागे येऊन दुसऱ्या रस्त्याला लागू. पण गावातले भोई तयार होईनात. पालखी निघाली की देवळात पोहोचेपर्यंत खाली टेकत नाही आणि एक पाऊलही मागे येत नाही, अशी त्यांच्याकडची रीत आहे. पुढे कमान, मागे माणसांचा समुद्र. त्या दोहोंच्या मध्ये वळण घ्यायला एकच वाट होती, जी सगळ्या ठाण्यात त्या घटकेला रिकामी होती. पोलिसांनी रुग्णवाहिकेसाठी पलीकडचा रस्ता उघडला आणि परवानगी दिली.

मी पाहिले ते एवढेच, की दातार सर घामाघूम होऊन धावत आले. "काकू, दोरी सोडा. पालखी आत घ्यायचीय."

पळून जावे तर दोरी माझ्याकडे होती. मी खांबाशी वाकले आणि गाठीला हात घातला. भिजलेले सूत दगडासारखे झाले होते. शटरकडची गाठ सर सोडायला गेले, पण तिथे दोरी कडीतून ओवलेली होती, तीही आवळली होती. चाकू कुणाकडे नव्हता, सणाच्या कपड्यांत कोण चाकू घेऊन येतो. मागे पावले वाजली, घुंगरू वाजले, अबीर-गुलालाचा वास आला, आणि मला कळले की पालखी माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली आहे. हात लांब केला असता तर दांडीला लागला असता. मी मान वर केली नाही. गाठीकडेच बघत राहिले. माझी नखे मोडली, बोटे चालेनात. मागून लोक ओरडत होते, काय झालं, चला ना. मी मनात तिला म्हणत होते, आई, अजून आठ हजार चारशे राहिले आहेत, एवढ्यात नको.

तेव्हा अगदी जवळून एक आवाज आला आणि मी वाकल्या वाकल्याच तिकडे वळले. पुढच्या दांडीखाली उभा असलेला भोई, पन्नाशीचा काळासावळा माणूस, गावातल्याच कुठल्या घरचा असेल, मी त्याला ओळखत नव्हते. दांडीच्या भाराने त्याची मान वाकली होती आणि घामाचे थेंब नाकावरून गळत होते. तो म्हणाला, "घाबरू नको गो मावशे. आमी हाव उबं. देवीला काय घाई नाय."

घाई नाय. तो खांद्यावर एवढे ओझे घेऊन मला हे सांगत होता. माझ्या घशातून हुंदका आला. आणि त्याच क्षणी सुचले की अंबाड्यात आकडा आहे. गाठीत आकडा घालून सूत ढिले करता येईल. आकडा काढायला मी हात डोक्यामागे नेला, मान आपोआप वर झाली, आणि समोर ती होती.

दोन वर्षांनी मी तिला पाहत होते. शेंदराचा मुखवटा, चांदीचे डोळे, धक्क्याने वाकडी झालेली नथ, एक झेंडूचे फूल गालावरून घसरून अडकलेले. रागावलेली नव्हती. प्रसन्न होती असेही मी म्हणणार नाही. दारात उभी राहून कुणी कडी काढण्याची वाट बघावी, तशी ती वाट बघत होती. ती माझ्यासाठी थांबली असे मी कुणाला सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. कमान कलली म्हणून पालखी वळली, गाठ भिजली म्हणून उभी राहिली. पण मी तोंड लपवायला जी जागा मागून घेतली होती, तिथेच ती आली, हे मला खोटे म्हणता येत नाही.

आकडा घातला आणि पहिली गाठ सैल झाली. मग दुसरी. तिसरीला वेळ लागला. भोई उभेच होते, कुणी "लवकर" म्हणाले नाही. दोरी खाली पडली तेव्हा तो भोई म्हणाला, "झालं ना? चल आता. गल्ली भरली, तू कुणासाठी थांबतेस?" आणि पालखी आत शिरली. तळमजल्यावरच्या आजी आवाज ऐकून पाइप हातात घेऊनच बाहेर आल्या होत्या. आयुष्यात त्यांच्या दारावरून पालखी गेली नव्हती. ओवाळायला काही हाताशी नव्हते म्हणून त्यांनी पाइपचेच पाणी भोयांच्या पायांवर धरले. मी दोरी गुंडाळून काखेत मारली आणि पालखीमागे चालू लागले. त्या दिवशी देवळात मी पुढच्या दाराने गेले.

त्यानंतर रात्री कितीतरी वेळा मी विचार केला. त्या पैशांनी माझ्या नवऱ्याला वाचवले नाही, पण चार दिवस दिले. त्या चार दिवसांत त्यांची धाप थोडी कमी झाली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात धरून विचारले होते, "तू जेवलीस का?" ते चार दिवस मी शिक्षा म्हणून मोजत होते. ते मला दिलेलेही असू शकतात, हे मला सुचलेच नव्हते. आणि आधी सगळे फेडीन, स्वच्छ होईन, मगच तिच्यासमोर उभी राहीन, हे जे मी ठरवले होते, त्याला मी नम्रपणा समजत होते. तो माझा हट्टच होता. कधी भेटायचे ते मी ठरवणार, अशी माझी समजूत होती. माणसाने आपल्या हातातली गाठ सोडावी, बाकी तिच्यावर सोपवावे. ती उभी असते. मी अडाणी बाई, यापेक्षा जास्त मला समजत नाही, पण एवढे समजले त्याबद्दल तिचे उपकार आहेत. त्या भोयाचेही आहेत. पुढे एकदा तो मला बाजारात भेटला. मी धीर करून त्याला थांबवले आणि त्या दिवसाची आठवण करून दिली. तो म्हणाला, "व्हय? माझा खांदा आठ दिस सुजला व्हता, तेवढं ध्यानात हाय." आणि भाजीची पिशवी घेऊन गेला.

कर्ज मात्र कर्जच होते. देवीने दर्शन दिले म्हणून वहिनींचे पैसे फिटत नाहीत. दर महिन्याला पगार झाला की मी त्यांच्याकडे जात राहिले. पूर्वी दारातच पैसे देऊन जिना उतरायची, नंतर बसायला लागले. त्यांचे यजमान आजारी असतात, मुलगा घोडबंदर रोडला मोठ्या इमारतीत राहायला गेला, त्याही दिवसभर तशा एकट्याच असतात, हे मला बसल्यावर कळले. असे दीड वर्ष गेले. परवा शेवटचे चारशे रुपये घेऊन गेले. वहिनींनी नोटा हातात घेतल्या आणि बराच वेळ तशाच धरून ठेवल्या.

"झाले का सगळे?" त्यांनी विचारले.

"झाले."

"आता यायला तुला दुसरं काहीतरी कारण शोधावं लागेल," त्या म्हणाल्या.

मी म्हटले, "कारण नसलं तरी येईन." हे वाक्य अर्ध्यावर राहिले नाही. वहिनींनी नोटा देव्हाऱ्यासमोर ठेवल्या. अठरा हजार चारशे रुपये पूर्ण फिटले.